अंबाडीचं पान अन् बुदैयाचं जेवन

बहरीन पाहून आलो तवापासून ठेल्यावर येनारा हरएक मानूस इचारते, "उत्तमभाऊ, काय काय पायलं?" खरं सांगतो, राजेहो. समुद्र पायला, उंच उंच बिल्डिंगा पायल्या, खजुराची झाडं पायली, अन् सगळ्यात जास्त पायला तो माह्या साळ्याच्या घरचा संडास. त्याच्यात हात घालून पायला. काहून, ते सांगतो. पन हसून सांगतो म्हनून मले राग नाही आला असं समजू नका. राग अजून पोटात हाय. चुना जास्त झालेल्या पानावानी जळून रायला.

माहा पानठेला मूर्तिजापूरच्या ठेसनाजवळ हाय. शाळेनं मले चौथीतच सोडलं. मी तिले सोडलं असतं, पन तिनं घाई केली. मराठी अक्षर अक्षर जोडून वाचतो, इंग्रजी म्हनसान तं सिगरेटचं पाकीट रंगावरून वळखतो. असा मानूस फॉरेनले गेला तं काय करन, तेच केलं.

निंघाच्या आधी

माह्या बायकोचा, शीलाचा, धाकटा भाऊ मिलिंद बहरीनले एसीचा टेक्निशियन हाय. सलमाबाद म्हनून कारखान्यायचा भाग हाय, तिथी त्याचं वर्कशॉप. गच्चीवर मशीन चढवून चढवून त्याची कंबर गेली. आता त्याले दुसऱ्या मोठ्या कंपनीत सुपरवायझरची जागा मिळनार होती. म्हंजे मशीन उचलायची नाही, उचलनाऱ्याले वरडायचं. सारं ठरलं होतं, फक्त मेडिकल बाकी होतं. त्या आनंदात त्यानं आमाले तिकिटं पाठवली. शीलाचा पासपोर्ट वेळेवर आला नाही. ती म्हने, "तुमी जा. पन माह्या भावाच्या कंबरेसाठी कायतरी चांगलं औषध न्या. बिलाचं न्या, जत्रेतलं नोका नेऊ."

मंग मी बसस्टँडाजवळच्या नव्या दुकानात गेलो. आयुर्वेदिक म्हने, पन आतमंदी एसी, काचा, अन् टाय लावलेला पोरगा. म्या सांगतलं, "कंबर." त्यानं एक लहानशी बाटली काढली. तिच्यावर हिरवं पान छापलं होतं, पाच बोटायचं. म्या लगेच वळखलं. अंबाडी! आमच्या वावराच्या धुऱ्यावर अंबाडीच असते. भाजी खाल्ली, तिच्या वाखाची दोरी वळली. मले वाटलं, तिचं तेलबी निंघत असन.

पोरगा म्हने, "काका, यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. एक मिनिट थांबा." त्यानं मोबाईल माह्या तोंडापुढं धरला. मोबाईलमंदी एक डॉक्टर होता, जेवत होता बहुतेक. त्यानं इचारलं, "दुखतं का?" म्या म्हटलं, "लय दुखते." कंबर मिलिंदची, 'लय दुखते' माहं. चिठ्ठी आली माह्या नावानं. पोरानं पक्कं बिल फाडलं, टॅक्सची ओळ बोटानं दाखोली अन् म्हने, "काका, शंभर टक्के लीगल. सरकारी लायसन्स आहे." जेवनानंतर जिभेखाली थेंब घ्यायचे म्हने.

राजेहो, जिंदगीत पयल्यांदा म्या कोनतीतरी वस्तू टॅक्स भरून घेतली होती. ठेल्यावर मी काय काय इकतो अन् त्याच्यातलं किती पक्क्या बिलाचं रायते, ते तुमाले माहीत हाय. ते बिल म्या खिशात असं ठेवलं जसं तहसीलदारानं सत्कार केला.

इमानतळ

तिथल्या इमानतळावर एका साहेबानं बॅग खोलायले लावली. ठेच्याचा डबा उघडला, अन् त्याले अशा शिंका सुरू झाल्या की बाजूचा साहेब पानी घेऊन धावला. मंग त्याची नजर त्या बाटलीवर गेली. म्या छाती काढून बिल पुढं केलं. "मेडिसिन! टॅक्स! पक्का बिल!" त्यानं डोळे पुसले, बिलाकडे पायलं, माह्याकडे पायलं, अन् म्हने, "खलास, यल्ला, यल्ला." म्हंजे झालं, निंघ आता.

मिलिंद भाईर उभाच होता. "जय भीम, भाऊजी!" म्हनून गळ्यात पडला. म्या त्याले म्हटलं, "तुह्या देशाचे लोक लय चांगले. बिल पायलं की मानूस वळखतात."

आज हे सांगतानी मी कान पकडतो.

अदलिया

मिलिंदची बायको वैशाली एका क्लिनिकात कामाले हाय, रिसेप्शनवर. तिले गावठी औषधाचा भयंकर राग. म्हनून बाटली आमी टीव्हीच्या मागं लपवली. ती संध्याकाळच्या शिफ्टले गेली की दोघंही जिभेखाली थेंब घेत होतो. मले काही दुखत नव्हतं, पन औषध माह्या नावावर होतं, अन् पैसा गेल्यावर वाया काहून घालवायचा?

गुन आला बाप्पा. मिलिंद म्हने, "भाऊजी, किती महिन्यानं असा झोपलो!" पयल्या दिवशी तो वाशिंग मशीन फिरतानी पाहून हसला. मी त्याले हसतानी पाहून हसलो. त्याची पोरगी सृष्टी, तिथल्या इंग्रजी शाळेत जाते, मराठी सारं समजते पन उत्तर इंग्रजीतच देते. ती दरवाज्यात उभी राहून म्हने, "व्हॉट इज राँग विथ यू टू?" आमी म्हटलं, "बेटा, कंबर मोकळी झाली."

दुसऱ्या दिवशी थेंब घेऊन आमी अदलियाले गेलो. तिथी रांगेनं हॉटेलं, कॅफे, भाईर खुर्च्या टाकलेल्या. कोनी पायी चालत नाही, सारे गाडीतून उतरतात अन् खुर्चीत बसतात. बाया-मानसं हुक्का ओढत बसले होते, जसं आपल्याकडे रसवंतीवर बसतात. माहा धंदा तंबाखूचा, म्हनून म्या मिलिंदले इचारलं, "इथी हे चालते?" तो म्हने, "चालते. पन सरकार तंबाखूवर दनकून टॅक्स घेते. सिगरेटवर, कोल्डड्रिंकवरबी." म्या म्हटलं, "बरोबर हाय! घ्या टॅक्स, अन् ओढू द्या मानसाले!" असं म्हनून मी इतका हसलो की चहाच्या कपात नाक बुडलं. बाजूच्या टेबलावर दोन पोलीस बसले होते. म्या त्याईले सलाम केला. त्याईनंबी केला. मिलिंदनं तीन प्लेट कबाब खाल्ले अन् इचारलं, "भाऊजी, अंबाडीनं भूक लागते काय?"

म्या म्हटलं, "अंबाडीचा गुनच तो."

सलमाबाद

मिलिंदचं घरबी सलमाबादलेच, वर्कशॉपजवळ. गुरुवारी वैशालीची सुट्टी होती. तिनं टीव्ही पुसाले घेतला अन् बाटली तिच्या हाती लागली. मी खुबूस खात होतो. तिथली रोटी, तव्याएवढी, भट्टीतून गरम मिळते, म्या तिच्यासंगं ठेचा लावला होता. वैशाली बाटली डोळ्याजवळ नेऊन वाचत होती. वाचता वाचता तिनं खिडकीचा पडदा ओढला.

"भाऊजी, हे कोनी आनलं?"

"म्या. अंबाडीचं तेल हाय. मिलिंदच्या कंबरेले."

"अंबाडी?" तिचा आवाज चिरकला. "भाऊजी, हा गांजा हाय. गांज्याच्या पानाचं तेल. इथी काय लिवलं हाय, वाचा ना!"

"मले वाचता येत असतं तं मी ठेला लावला असता काय? पन वैशाली, बिल हाय. पक्कं बिल. सरकारी लायसन्स—"

"तिथलं सरकार तिथी! इथी यालेच जेल हाय. जेल, अन् मंग डिपोर्ट. सृष्टीची शाळा, आमचा व्हिसा, सारं गेलं असतं!"

सृष्टी खोलीतून धावत आली. तिच्या तोंडावर असा आनंद, जसं तिनं मले सिनेमात पायलं. "मामाजी, यू आर अ स्मगलर!" आत्याचा नवरा म्हनून ती मले मामाजी म्हनते. वैशालीनं तिले एक चापट दिली, अन् ती चापट खरं म्हंजे माही होती.

मी उठलो अन् संडासात गेलो. तेल ओतलं. मंग मले वाटलं, काहीच मागं रायलं नाही पायजे. खोकं टाकलं. आतला कागद टाकला. डॉक्टरची चिठ्ठी टाकली. अन् शेवटी ते बिल, माह्या इज्जतीचं बिल, तेबी टाकलं अन् पानी सोडलं. पानी खाली जायच्या जागी वर येऊ लागलं. संडास तुंबला. हिरवं पान छापलेलं खोकं मधोमध तरंगत होतं अन् माह्याकडे पाहत होतं.

प्लंबर बोलवायची सोय नव्हती. मिलिंद वर्कशॉपातून जेवाले आला होता. त्यानं तार आनली. कंबरेत वाकला, वाकतानी "आई गं" म्हनला, अन् तार घालू लागला. म्या म्हटलं, "सरक, माहं पाप हाय," अन् बाही वर करून हात घातला. एकएक कागद काढला, धुतला, फाडून पिठासारखा केला. वैशालीनं बाटलीवरचं लेबल चाकूनं खरडलं. घरात गौतम बुद्धाची मूर्ती हाय, तिच्यापुढं मी नंतर उभाबी राहू शकलो नाही.

सारं झाल्यावर वैशाली दरवाज्याले टेकून म्हने, "मिलिंद, तुझं मेडिकल सोमवारी हाय ना?"

"हो."

"त्याच्यात युरिन टेस्ट असते."

मिलिंद तिथीच संडासाच्या फरशीवर बसला. पोटात गेलेलं मी कसं ओतनार होतो? वैशाली म्हने, हे रक्तातून लवकर जात नाही, आठवडे लागतात. अन् तिनं आमच्या दोघायच्या तोंडापुढं बोट नाचवलं. "कोनाले सांगायचं नाही. मिलिंद ताप आला म्हनन, काहीबी म्हनन. पन तोंड उघडायचं नाही. भाऊजी, तुमी तं बिलकुल नाही."

बुदैया

शुक्रवारी तिकडे सुट्टी. सतीश सर म्हनून पुन्याचे एक साहेब हायत, मोठ्या कंपनीत फायनान्सले. त्याईनंच मिलिंदचं नाव सुपरवायझरच्या जागेले सुचवलं होतं. त्याईच्या घरी जेवाले बोलावलं होतं. वैशालीची शिफ्ट होती, सृष्टी मैत्रिणीकडे गेली. आमी दोघंच गेलो.

बुदैयाच्या रस्त्यानं जातानी मी पयल्यांदा बहरीनमंदी हिरवं पायलं. एका बाजूनं जुनी गावं, खजुराच्या बागा, भाजीचे वावर. दुसऱ्या बाजूनं नवे पांढरे बंगले. मले आपलं गाव आठवलं, फक्त गावात चालनारं कोनी नव्हतं. साऱ्या गाड्याच गाड्या. सरचा बंगला असा की त्याच्या पार्किंगमंदी माहे वीस ठेले मावले असते.

साहेब मानूस चांगला, हे पयले सांगतो. दरवाज्यात आले, माहा हात हातात घेतला, "काका, प्रवास कसा झाला?" इचारलं. त्याईच्या बायकोनं अळूवड्या केल्या होत्या, अन् तिथलं जेवन मागवलं होतं, त्याले मचबूस म्हनतात. परातीत भात, त्याच्यावर मटन, अन् भातात एक काळा काळा गोळा. मले वाटलं काळा गुलाबजाम हाय, मानाचा असन, म्हनून एकच ठेवला. म्या अख्खा तोंडात टाकला. ते वाळलेलं लिंबू होतं. डोळ्यातून पानी आलं, तं वहिनी म्हने, "काकांना घरची आठवण आली वाटतं."

निखिल म्हनून सरचे एक दोस्त होते. ते अमेरिका फिरून आले होते. ते सांगू लागले, "सतीश, तिकडे गांजाची काय दुकानं आहेत! सोनाराच्या पेढीसारखी. काचेच्या बरण्या, आयडी बघून आत सोडतात, बिल देतात."

म्या ताटातला भात इकडून तिकडे लोटला. मिलिंदनं पानी पेलं.

सतीश सर खुलले. "आपल्याकडेही तेच व्हायला पाहिजे. बंदी म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे. लोक ओढतातच. पैसा कुणाला जातो? हप्ते घेणाऱ्यांना. तोच सरकारनं घ्यावा की."

निखिल म्हने, "टॅक्स कसा लावणार पण? किलोवर?"

"चूक! किलोवर लावलास की लोक थोडा पण जहाल माल करणार. ताकदीवर लावायचा. बिअरला वेगळा, व्हिस्कीला वेगळा, तसा. नशा जितकी जास्त, तितका कर."

"आणि फार लावला तर गिऱ्हाईक परत गल्लीतल्या पोराकडे जाईल."

"म्हणून सुरुवातीला कमी ठेवायचा. ती गल्ली बंद झाली की मग वाढवायचा. प्रत्येक रोपाला नंबर, शेतापासून दुकानापर्यंत हिशेब. इथं सिगरेटच्या पाकिटावर सरकारी स्टॅम्प असतो ना, मोबाईल धरला की खरं-खोटं कळतं, तसं. आणि मुख्य म्हणजे, साध्या माणसाला गुन्हेगार ठरवणं बंद. चार पानं सापडली म्हणून आयुष्य बरबाद? हा काय न्याय झाला?"

राजेहो, म्या चमचा खाली ठेवला. मले त्या मानसाच्या पाया पडावं वाटलं. एकही शब्द चूक नव्हता. आजही म्हनतो, चूक नव्हता.

म्या हिंमत करून इचारलं, "साहेब, माहा पानठेला हाय. उद्या असं झालं तं मले लायसन्स मिळन काय?"

सारे हसले. मीबी हसलो, सवय हाय. सर म्हने, "नाही हो काका! त्याला कॅमेरे लागतात, तिजोरी लागते, भांडवल लागतं. पानठेल्यावर कसं देणार? उद्या तुम्ही सुपारीत घालून विकाल!"

परत सारे हसले. मी तं सगळ्यात मोठ्यानं हसलो. तवा मले ते लागलं नाही. मी दुसऱ्याच गोष्टीनं फुगलो होतो. हात धुवाले गेलो तवा मिलिंदले कोपऱ्यात ओढलं.

"सांगून टाक याले."

"भाऊजी, वैशालीनं नाही म्हटलं."

"वैशालीनं याचं भाषन ऐकलं काय? अबे, हा देवमानूस हाय. चार पानायसाठी जिंदगी बरबाद नोका करू म्हनते. तुह्या तं पानबी नव्हतं, थेंब होते. फक्त टेस्ट तीन आठवडे पुढं ढकला म्हन. त्याच्या एका फोनचं काम हाय."

मिलिंदनं माह्याकडे पायलं. तो लहानपनापासून माहं ऐकते. मी त्याच्या ताईचा नवरा ना.

घरामागं बाग होती. सर एका खजुराच्या झाडाखाली उभे राहून सिगरेट ओढत होते. मिलिंदनं सारं सांगतलं. लपवलं काहीच नाही. माह्यावर ढकललं असतं तरी चाललं असतं, त्यानं तेबी नाही केलं. "आमच्याकडून चूक झाली, सर," असं म्हनला. आमच्याकडून.

सतीश सरचं तोंड कसं झालं, सांगतो. बँकेच्या खिडकीवर आपन पोचतो, अन् आतला मानूस 'बंद'ची पाटी लावते ना, तसं.

"मिलिंद, हे तू मला सांगितलेलं नाहीस."

"सर, फक्त तारीख—"

"मी काही ऐकलेलं नाही. कळलं? तू माझ्या घरी येऊन, माझ्या घरात उभं राहून हे बोलतोस? मला काय नोकरी नाही? फॅमिली नाही?"

मले राहवलं नाही. "साहेब, आत्ताच तं तुमी जेवतानी म्हनत होते—"

"काका, ती चर्चा होती."

असं म्हटलं त्यानं. ती चर्चा होती. मंग मिलिंदकडे वळून, हळूच, समजावल्यासारखं म्हनला, "तुम्हा लोकांना पुढं आणायला आम्ही जीव तोडायचा, आणि तुम्ही ही असली..." मंग सिगरेट इझवली, अन् थोटूक कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. बाग घान होऊ नये म्हनून.

मिलिंद "तुम्हा लोकांना" ऐकून जमिनीकडे पाहत होता. तेरा वर्षं झाली त्याले त्या देशात. उन्हात गच्च्या चढला, कोनाच्या एका पैशाले हात नाही लावला. म्या त्या साहेबाची कॉलर धरायले पायजे होती. तोंडावर थुंकायले पायजे होतं, तंबाखूवाला मानूस, तेवढं तं येते मले. म्या काय केलं? तेवढ्यात वहिनी आल्या, डब्यात अळूवड्या भरून. "मुलीसाठी घेऊन जा." अन् म्या डबा घेतला. "थँक्यू" म्हटलं. इंग्रजीत.

आमी निंघालो. रस्त्यात म्या दोन अळूवड्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. राग तो त्याचाच हाय.

गच्चीवर

सतीश सरनं पोलिसात सांगतलं नाही, हे उपकार माना म्हनतात लोक. मानतो. रविवारी मिलिंदले फोन आला की जागा तूर्तास होल्डवर हाय, मेडिकलले यायची गरज नाही. होल्ड म्हंजे काय, हे मले वैशालीच्या तोंडावरून समजलं. ती माह्यावर वरडली नाही. मले पोळी वाढली अन् म्हने, "भाऊजी, अजून एक घ्या." वरडली असती तं बरं झालं असतं.

सोमवारी, जवा त्यानं मेडिकलच्या लाईनीत बसायचं होतं, तवा मिलिंद सलमाबादच्या एका गोदामाच्या गच्चीवर होता. मी संगं गेलो. म्या म्हटलं, हत्यारायची पिशवी तं उचलतो. दुसऱ्या जिन्यावर पिशवी माह्या पायावर पडली, अन् मिलिंदनं मलेबी वर चढवलं अन् पिशवीलेबी. वर असं ऊन की चपलीचं रबर मऊ झालं. त्यानं कंबरेले पट्टा बांधला, गुडघ्यावर बसला, मशीन उघडली. उठतानी दर वेळी भिंतीले हात लावे. मी मोजलं नाही किती वेळा, मोजाची हिंमत नव्हती.

दुपारी खाली आलो. तिकडे किराना दुकानाले कोल्डस्टोअर म्हनतात. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न मारायचा, केरळचा मानूस चहा घेऊन गाडीपाशी येते. माह्या ठेल्यापुढं कोनी असा हॉर्न मारला असता तं म्या त्याले पिचकारी मारली असती. पन तो मानूस हसत आला. म्या सिगरेटचं पाकीट मागतलं, ओढाले नाही, पाहाले. खरंच त्याच्यावर सरकारी स्टॅम्प होता. अन् त्याच्याच बाजूले एका मानसाचं सडलेलं तोंड छापलं होतं, एवढं मोठं की चौथी नापासालेबी समजन.

"मिलिंद," म्या म्हटलं, "हे पाहा. हे सरकार टॅक्स घेते, पन सांगते तरी की बावा, हे खाशीन तं तोंड सडन. आपल्याकडे माह्या ठेल्यावरच्या पुडीवरबी इंचू छापला रायते, तोंड छापलं रायते. मंग त्या बाटलीवर काहून नाही छापलं? एक इमान काढायचं अन् त्याच्यावर फुली मारायची! केवढ्याचं काम हाय? टॅक्सची ओळ छापाले जागा सापडली त्याईले. लायसन्सचा नंबर छापाले सापडली. मोबाईलमंदी जेवता जेवता इचारते 'दुखतं का'. कुठी नेता, कोनाले देता, घेनारा काम काय करते, हे इचाराले काय त्याचा भात थंड होत होता?"

"भाऊजी, चहा थंड होते," मिलिंद म्हने.

"तुले राग नाही येत माहा?"

त्यानं चहा संपवला. कप खिडकीतून त्या केरळच्या मानसाले दिला. "येते ना, भाऊजी. पन तुमी परवा जाऊन रायले. मंग काढीन."

मूर्तिजापूर

घरी आल्यावर शीलाले सारं सांगतलं. ती उठून चुलीपुढं जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी त्या एसीवाल्या दुकानात गेलो. तोच टायवाला पोरगा. म्या टेबलावर हात आपटला. "तुमी मले गांजा इकला!"

पोरगा घाबरला नाही. "काका, हळू. हे पूर्ण लीगल प्रॉडक्ट आहे."

"लीगल हाय तं तोंडानं काहून नाही सांगतलं? माह्या साळ्याची नवी नोकरी गेली!"

"तुमची तक्रार असेल तर वर पाठवतो. बिल आहे का?"

"बिल," म्या म्हटलं, "बहरीनच्या गटारात हाय."

दुकानातले सारे हसले. एक बाई तं माह्या तोंडाकडे पाहून इतकी हसली की तिची पिशवी पडली. अन् राजेहो, मलेबी हसू आलं. हेच माहं वाईट हाय. कोनी हसलं की मी त्याच्यात सामील होतो, मंग ते माह्यावरच काहून हसत ना.

मंग म्या माह्या लहान्या पोरीकडून एका पुठ्ठ्यावर लिवून घेतलं, 'गल्फले जानाऱ्यानं औषध आधी इथी दाखवा', अन् तो ठेल्याले टांगला. गाव मले स्मगलर म्हनते. "स्मगलरभाऊ, एक साधं पान!" म्हनू दे म्हनतो, अन् पान लावून देतो.

मागच्या आठवड्यात एक म्हातारी आली. तिचा पोरगा कुवेतले ड्रायव्हर हाय, त्याचे गुडघे दुखतात. कोनीतरी जानारं होतं, त्याच्यासंगं पाठवाची म्हनून तिनं पिशवीतून बाटली काढली. लहानशी बाटली, तिच्यावर हिरवं पान. पिशवीत बिलबी होतं, घडी घालून, रुमालात बांधलेलं.

"बावा, अंबाडीचंच हाय ना हे?"

"नाही माय," म्या म्हटलं. "हे नोको पाठवू. पोरगा जेलमंदी जाईन."

तिनं बाटली पदरानं पुसली. मंग बिलाची घडी उघडली अन् माह्यापुढं धरली. "पन यानं तं टॅक्स घेतला ना बावा माह्यापासून. वाईट हाय तं सरकारनं टॅक्स कसा घेतला? अन् चांगलं हाय तं माहा पोरगा जेलात कसा जाईन?"

मी चौथी नापास मानूस. म्या तिच्या हातातली बाटली घेतली, ठेल्याच्या खाली ठेवली, अन् तिले बसाले डबा दिला.

म्हटलं, "माय, याचं उत्तर बुदैयाच्या एका बंगल्यात मिळते. जेवनबी चांगलं रायते तिथी. पन तुह्या पोराले तिकडे नोको पाठवू."